भाग ४१ : ब्रेक सोडल्यावर पॅड मागे कोण आणतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातले 'म्हणजे' आणि 'तर' थोडे कमी केलेत, सगळे नाही.

आजचा भाग एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजमुळे झाला. त्यांनी गाडीचे पुढचे ब्रेक पॅड बदलून घेतले. काम झाल्यावर जुने पॅड परत मागितले. (हे फार चांगलं केलंत, सगळ्यांनी मागत जा.) तर खोक्यात जुन्या पॅडांबरोबर पत्र्याच्या नव्याकोऱ्या क्लिपा, पाकीटही न फोडलेलं. मेकॅनिकला विचारलं तर म्हणाला, "साहेब, त्या नाही लावल्या तरी चालतं. आवाज येऊ नये म्हणून असतात फक्त." आता गाडी व्यवस्थित थांबतेय, आवाजही नाही. मग गाडी परत न्यायची का, असा त्यांचा प्रश्न.

लहान उत्तर: न्या. मोठं उत्तर म्हणजे आजचा भाग.

आधी सांगून टाकतो, मी ऑटोमोबाइलवाला नाही. बी.टेक. केलं, पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो, आणि सुट्टीच्या दिवशी पार्किंगमध्ये माझी जुनी हॅचबॅक जॅकवर चढवून बसतो. त्यामुळे सगळं अशाच एका साध्या हॅचबॅकच्या पुढच्या चाकावर सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो, तशीच ही.

चाक काढलं की काय दिसतं ते डोळ्यासमोर आणा. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी, ती डिस्क. तिच्या काठावर चिमट्यासारखा बसलेला एक जड ठोकळा, तो कॅलिपर. त्याच्या पोटात एक पिस्टन. डिस्कच्या आतल्या बाजूला एक पॅड आणि बाहेरच्या बाजूला एक. आणि या सगळ्याला धरून ठेवणारी बिडाची एक चौकट, तिला ब्रॅकेट म्हणतात. ब्रॅकेट बोल्टने घट्ट बसवलेली असते, ती हलत नाही. कॅलिपर मात्र दोन गुळगुळीत पिनांवर आतबाहेर सरकतो.

पॅडच्या लोखंडी पाठीला दोन टोकांना दोन कान असतात. ब्रॅकेटमध्ये त्या कानांच्या मापाच्या खाचा असतात. कान खाचेत बसतात आणि पॅड त्या खाचांमध्ये सरकत डिस्ककडे जातो, परत येतो. ड्रॉवर कसा दोन बाजूंच्या पट्ट्यांवर सरकतो, तसंच समजा. आपल्या क्लिपा बरोब्बर इथे बसतात, खाच आणि कान यांच्या मध्ये. स्टेनलेस स्टीलचा पातळ, वाकवलेला पत्रा. जाडी एक मिलिमीटरपेक्षाही कमी. गाडीप्रमाणे एका चाकाला दोन किंवा चार. काही गॅरेजमध्ये यांना नुसतं 'पत्ती' म्हणतात.

आता मुख्य मुद्दा. ब्रेकचा विचार करताना आपण सगळे फक्त दाबण्याचा विचार करतो. पाय दाबला, ऑइलचा दाब वाढला, पिस्टन पुढे आला, पॅड डिस्कला चिकटला, गाडी थांबली. या सगळ्या साखळीत क्लिपचं काम जवळजवळ नाहीच! पिस्टनमागचा जोर इतका असतो की क्लिप असो नसो, खाचेत थोडा गंज असो नसो, पॅड डिस्कपर्यंत पोचतोच. म्हणून तर मेकॅनिक टेस्ट राऊंड मारून येतो आणि "एकदम ओके" म्हणतो. तो खोटं बोलत नाहीये. त्या दिवशी खरंच सगळं ओके असतं.

क्लिपचं काम सुरू होतं पाय उचलल्यावर.

मागच्या ड्रममध्ये परतीची व्यवस्था ठळक असते. ब्रेक शूंना ओढून धरणाऱ्या दणकट स्प्रिंगा असतात, पाय उचलला की त्या शूंना खाडकन मागे खेचतात. डिस्क ब्रेकमध्ये तसं काहीच दिसत नाही. मग पिस्टन मागे कसा येतो? त्याच्याभोवती एक चौकोनी छेदाची रबरी रिंग असते. तिचं एक काम ऑइल गळू न देणं, आणि दुसरं काम मला तरी फार सुंदर वाटतं. पिस्टन पुढे जाताना ती रिंग सरकत नाही, पिस्टनला धरून जागच्या जागी थोडी पिळवटते. दाब गेला की पुन्हा मूळ आकारात येते आणि येताना पिस्टनला मिलिमीटरच्या एका छोट्या अंशाइतकं मागे ओढते. बस, एवढीच परतीची व्यवस्था. बाहेरचा पॅड कॅलिपरच्या बोटांनी दाबलेला असतो, तिथे कॅलिपरने पिनांवरून तेवढंच सैल व्हायचं.

पण यातून पिस्टन मागे आला. पॅड कुठे आला? बऱ्याच गाड्यांमध्ये पॅड पिस्टनला जोडलेला नसतो, नुसता टेकलेला असतो. पॅडला मागे सारते ती मुख्यतः डिस्कच. कुठलीही डिस्क फिरताना अगदी सरळ फिरत नाही, नवी असली तरी मिलिमीटरच्या काही शतांशांनी डुलते. त्या डुलण्याचे हलके धक्के पॅडला लागतात आणि तो जरासा मागे सरकतो. काही गाड्यांच्या क्लिपांना बारीक स्प्रिंगसारखे पाय असतात, ते पॅडला मागे ढकलायला मदत करतात.

आता बघा, हे किती नाजूक आहे. पुढे ढकलायला शेकडो किलोंचा जोर, मागे यायला मात्र रबराची एक पिळवट आणि डिस्कची टिचकी. एवढ्याशा टिचकीने पॅड मागे यायचा असेल तर त्याचे कान खाचेत अलगद सरकले पाहिजेत. ड्रॉवरच्या पट्टीत वाळू गेली तर आत ढकलताना आपण जोर लावून ढकलतो, पण करंगळीने बाहेर ओढायला गेलात तर येणार नाही. तेच हे.

ब्रॅकेट बिडाची. बीड गंजतं. आपल्याकडे तर चार महिने पाऊस, त्यात कोकणातली गाडी असेल तर खारी हवा, शिवाय ब्रेकची गरम होऊन गार होण्याची सवय. पॅडची पाठही साध्या लोखंडाची. लोखंड लोखंडावर, मध्ये पाणी आणि ब्रेकची काळी धूळ. गंज धरायला याहून चांगली जागा सापडायची नाही. आणि गंज ज्या लोखंडापासून बनतो त्याच्यापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणजे खाच झिजून सैल होत नाही, उलट फुगून आवळते. काल सहज सरकणारा कान आज घट्ट, पुढच्या वर्षी जाम. मध्ये स्टेनलेसचा पत्रा असला तर कानाला सरकायला न गंजणारा गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो, आणि पत्रा खराब झाला की तो बदलायचा, अख्खी ब्रॅकेट नाही. क्लिपचं खरं काम हे. आवाज हे दुसरं काम, त्यावर येतोच.

इथे गॅरेजमधली एक पद्धत सांगायलाच हवी. नवा पॅड खाचेत घट्ट बसतोय असं दिसलं की काहीजण कानस घेतात आणि पॅडचे कान घासतात. पॅड बसतो. पण घट्ट का होतं? बहुतेक वेळा जुन्या क्लिपच्या पाठीमागे, म्हणजे क्लिप आणि ब्रॅकेट यांच्यामध्ये गंजाचा थर साठलेला असतो, त्याने क्लिप आत ढकललेली असते. म्हणजे घासायचं ते ब्रॅकेटला, तारेच्या ब्रशने, गरज पडली तर कानशीने हलकेच, गंज निघून धातू दिसेपर्यंत. मग नवी क्लिप. मग पॅड हाताने आत सरकला पाहिजे, हातोडीने नव्हे. पॅडचे कान घासले तर आज सैल बसेल, गंज तिथेच आहे, तो वाढतच राहणार.

आता हे सगळं झालं नाही तर काय होतं? एक प्रसंग सांगतो. माझा मामा चिपळूणचा. एकदा आम्ही कराडहून परत येत होतो, कुंभार्ली घाट उतरून. पोफळीच्या जवळ आलो तेव्हा जळका वास. मामा म्हणाला, "पुढच्या ट्रकचा असेल रे." ट्रक पुढे निघून गेला, वास राहिला. गाडी बाजूला घेतली. हात चाकाला लावला नाही, नुसता जवळ नेला. उजवं पुढचं चाक गरम, घाट उतरल्यावर असतं तेवढं. डावं मात्र तापलेल्या तव्यासारखं. मामा म्हणाला, "आणि मी समजत होतो, गाडी डावीकडे ओढतेय ती रस्त्याच्या उतारामुळे." अर्धा तास थांबलो, मग हळूहळू घरी. दुसऱ्या दिवशी उघडलं तर डाव्या चाकाचा आतला पॅड खालच्या कानात रुतून बसला होता, स्क्रू-ड्रायव्हरने उचकटून काढावा लागला. त्या खाचेत क्लिपच नव्हती. वरच्या खाचेत होती. आधीच्या पॅडबदलाच्या वेळी कुणीतरी तीनच लावल्या होत्या.

घाटात हे महत्त्वाचं का, त्याचं साधं गणित. १२०० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून पूर्ण थांबवली तर सुमारे तीन लाख ज्यूल उष्णता तयार होते. एक लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला आणायला साधारण तेवढीच लागते. ठीक आहे, एकदा थांबलो, एक लिटर पाणी. पण तीच गाडी ५०० मीटर खाली उतरवायची तर सुमारे ५९ लाख ज्यूल. म्हणजे ऑफिसात पाण्याचा २० लिटरचा जार असतो ना, तो अख्खा जार उकळीला! यातला मोठा वाटा इंजिनाने उचलायला हवा, म्हणून तर खालच्या गिअरमध्ये उतरा म्हणतात. थोडा वाटा हवेचा विरोध उचलतो. उरलेलं ब्रेकच्या माथी.

आणि हे ब्रेक सुटत असताना. जो पॅड सुटतच नाही त्याच्या चाकाला गार व्हायला वेळच मिळत नाही. दोन वळणांमधल्या सरळ पट्ट्यात बाकीची चाकं वारा खातात, हे घासत राहतं. उष्णता पिस्टनमधून ब्रेक ऑइलपर्यंत जाते. डॉट ३ दर्जाचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळता कामा नये असा निकष आहे, पण ते हवेतला ओलावा शोषतं आणि मग हाच निकष १४० वर येतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. तीन वर्षं न बदललेलं ऑइल आणि एक अडकलेला पॅड, या दोन गोष्टी एकत्र आल्या तर घाटात काय होऊ शकतं ते मी वेगळं सांगत नाही.

सपाटीवर एवढं नाट्य नसतं. तिथे मायलेज थोडं पडतं, एक पॅड दुसऱ्याच्या आधी संपतो, किंवा पॅड तिरका झिजतो, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ. डिस्क एकसारखी झिजत नाही, मग ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं. मग डिस्कला फेस मारून घ्या म्हणतात. डिस्कला फेस मारला आणि पॅड तसाच अडकलेला ठेवला, तर काही महिन्यांनी पुन्हा थरथर. पैसे दोनदा.

आता आवाज. मेकॅनिक म्हणाला त्यात अर्धं खरं आहेच. पॅड सरकायला हवा म्हणजे खाचेत थोडी फट हवी. फट आहे म्हणजे खड्ड्यात, पेव्हर ब्लॉकवर, स्पीड ब्रेकरवर पॅड खुळखुळणार. सरकला पाहिजे आणि खुळखुळताही कामा नये, अशी दोन उलटी मागणी आहे. क्लिप थोडी स्प्रिंगसारखी वाकवलेली असते ती यासाठी. फट ठेवते, पण पॅडला एका बाजूला हलकं दाबून धरते.

क्लिप नसली किंवा थकली तर येणारा आवाज फसवा असतो. बारीक 'खडखड', पुढच्या चाकातून, खराब रस्त्यावर, हळू वेगात. नव्वद टक्के लोक सस्पेन्शन म्हणणार. मग लिंक रॉड बदला, लोअर आर्मचे बुश बदला, एकेक भाग निघतो आणि आवाज जागेवर. (नव्वद टक्के हा माझा अंदाज हो, कुठल्या अहवालातला नाही.) यावर एक फुकटची चाचणी आहे. तसाच खराब, रिकामा रस्ता बघा, आवाज येत असताना ब्रेक पेडलवर नुसता पाय टेकवा, गाडीचा वेग जेमतेम कमी होईल इतकाच. आवाज लगेच थांबला आणि पाय उचलल्यावर परत सुरू झाला, तर तो सस्पेन्शनचा नाही, पॅडचा असण्याची शक्यता फार जास्त. कारण पाय टेकवल्यावर पॅड डिस्कला धरून बसतो, खुळखुळायचा थांबतो. खर्च शून्य. दुसरी खूण: रिव्हर्स घेऊन पुन्हा पुढे निघाल्यावर पहिल्याच ब्रेकला एक 'टक्'. पॅड खाचेच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकावर आपटतो त्याचा.

काहीजण विचारतील की एवढासा पत्रा, ब्रेकच्या जोराने तुटणार नाही का? नाही, कारण तो जोर त्याच्यावर नसतोच. पुन्हा १२०० किलोची गाडी घ्या, जरा जोरात लावलेला ब्रेक, वेग दर सेकंदाला ताशी १८ किलोमीटरने कमी होतोय असा. ७० टक्के काम पुढची चाकं करतात असं धरलं तर पुढच्या एकेका पॅडला डिस्क साधारण २५० किलोच्या जोराने आपल्याबरोबर ओढून न्यायला बघते. हा जोर पॅडच्या कानातून थेट ब्रॅकेटवर जातो. क्लिप मध्ये नुसती सँडविचमधल्या काकडीसारखी दाबली जाते. तिला भार पेलायचा नसतो, मध्ये नीट बसून राहायचं असतं.

क्लिपांचे दोन सोबती पटकन सांगतो. पॅडच्या पाठीला चिकटलेला किंवा अडकवलेला एक पत्रा असतो, शिम. ब्रेकची ती कानात जाणारी 'चीं' म्हणजे पॅड आणि डिस्क यांची फार जलद थरथर असते, शिम ती थरथर शोषून घेतो. खुळखुळ आणि चीं हे दोन वेगळे आजार आहेत, औषधंही वेगळी. आणि दुसरा, काही पॅडांना रिव्हेटने लावलेला पोलादाचा वाकडा तुकडा. पॅडचं लायनर दोन-तीन मिलिमीटर उरलं की हा डिस्कला टेकतो आणि मुद्दाम ओरडतो. त्याला वाकवून गप्प बसवू नका. होय, असंही करतात.

बाईकवाल्यांनो, आता तुमच्यासाठी, आणि इथे माझा सूर बदलतोय. कारच्या क्लिपबद्दल मी "आज गाडी थांबेल, त्रास नंतर होईल" असं म्हणू शकतो. मोटरसायकलच्या बऱ्याच कॅलिपरमध्ये पॅड एका आडव्या पिनेवर लटकलेले असतात. ती पिन स्क्रूने आवळलेली, किंवा तिच्या टोकाला छोटी क्लिप अथवा स्प्लिट पिन. जुन्या आणि काही स्पोर्ट्स कारमध्येही असाच प्रकार असतो, दोन पिना आणि त्यांच्या खाली दाबलेली एक पसरट स्प्रिंग. इथे ते छोटं टोक निघालं तर पिन सरकत बाहेर येते, आणि पिन आली तर पॅडला धरून ठेवणारं फार काही उरत नाही. पॅड निसटू शकतो. त्यामुळे ही स्प्लिट पिन सरळ करून पुन्हा वापरणं, तिच्या जागी बांधणीची तार घालणं, हे बघितलंत तर तिथेच थांबवा. काही रुपयांची वस्तू आहे.

मग गॅरेजवाले क्लिपा टाकून का देतात? मला नाही वाटत कुणी मुद्दाम करतं. जुनी क्लिप गंजात रुतलेली असते, काढायला वेळ लागतो, ब्रॅकेट साफ करायला आणखी वेळ, आणि पॅड बदलण्याची मजुरी ठरलेली. शिवाय टेस्ट राऊंडला काही फरक दिसत नाही. आमच्या धंद्यात हे रोज होतं. कुणीतरी जुन्या कोडमधली एक विचित्र ओळ काढतो, सगळ्या टेस्ट पास होतात, म्हणून ती ओळ निरुपयोगी होती असं ठरतं. ती ओळ सहा महिन्यांनी येणाऱ्या कुठल्यातरी परिस्थितीसाठी असते, आणि टेस्ट पाच मिनिटांची. ब्रेकच्या बाबतीत ती परिस्थिती म्हणजे एक पावसाळा.

तर ज्यांनी प्रश्न विचारला त्यांच्यासाठी नेमकं. आधी हे विचारा किंवा चाक काढून बघा: जुन्या क्लिपा ब्रॅकेटमध्ये तशाच ठेवल्यात की अजिबात नाहीत? नाहीतच, तर या आठवड्यात लावून घ्या. जुन्या आहेत, सरळ आहेत, पॅड हाताने सरकतोय, तर घाई नाही, पण नव्या हातात आहेतच तर पावसाळ्याआधी लावा. लावताना चार गोष्टी. ब्रॅकेटच्या खाचा साफ. वरची क्लिप वर, खालची खाली, कारण काही गाड्यांत दोन्ही दिसायला सारख्या पण वेगळ्या असतात. कॅलिपरच्या दोन्ही पिना बाहेर काढून पुसून, त्यांच्यासाठीच्या सिलिकॉन ग्रीसने पुन्हा बसवणं, कारण पिना अडकल्या तर क्लिपा कितीही नव्या असल्या तरी उपयोग नाही. साधं पेट्रोलियमवालं पिवळं ग्रीस तिथे नको, त्याने पिनांची रबरं फुगतात. आणि कान जिथे क्लिपला टेकतात तिथे मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तरच उष्णता सोसणारं ब्रेकचं ग्रीस, नखावर मावेल इतकं. काही क्लिपांना कारखान्यातूनच लेप असतो, त्यांना ग्रीस लागत नाही. डिस्कवर किंवा पॅडच्या लायनरवर ग्रीसचा थेंबही जाता कामा नये.

त्यानंतर घरची तपासणी. सपाट रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं चालवा, शक्य तितका कमी ब्रेक वापरून, शेवटी गाडी जवळजवळ आपोआप थांबू द्या. मग दोन्ही पुढच्या चाकांच्या जवळ हात न्या, लावू नका. दोन्ही सारखीच कोमट हवीत. एक जास्त गरम असेल तर तिथे काहीतरी घासतंय. चाक जॅकवर असताना हाताने फिरवलं तर हलकं 'सूंऽऽ' ऐकू येणं ठीक, पण हात काढल्याक्षणी थांबणं ठीक नाही. पुढची दोन्ही चाकं इंजिनाला जोडलेली असतात, म्हणून गिअर न्यूट्रलला टाकून बघा. आणि अर्थातच सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड, गाडी जॅकवर एकटी सोडून खाली शिरायचं नाही.

जाता जाता इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना. तुमची गाडी पाय उचलल्यावर मोटरनेच बराचसा वेग कमी करते, घासणारे ब्रेक कमी वापरले जातात. पॅड खूप टिकतात, खरं आहे. पण पॅड वापरात नाही म्हणजे खाचेत हलतही नाही, आणि न हलणारी गोष्ट पाण्यात लवकर गंज धरते. त्यामुळे पॅड जाड दिसतायत म्हणून चाक उघडायचंच नाही असं करू नका. पावसाळ्यानंतर एकदा पॅड बाहेर काढून, खाचा साफ करून, परत बसवून घ्या. सर्व्हिसवाल्यांना तोंडी सांगितलंत तर विसरतील, जॉब कार्डावर लिहायला लावा: "पॅड काढून क्लिपा आणि पिना तपासणे."

पुढच्या भागात ब्रेक ऑइल घेतोय. ते ओलावा नेमका कसा शोषतं, बाटली उघडी राहिली तर काय, आणि दोन वर्षांचा आकडा कुठून येतो. तुमच्या गाडीत पेडलवर पाय टेकवल्यावर थांबणारा आवाज सापडला तर व्हॉइस मेसेज करा, शक्य झालं तर आवाजाच्या रेकॉर्डिंगसकट. भेटू.